पाऊस संपला की सकाळी उठल्याउठल्या २०-२५ शिंका, गोळीने झोप येते, काय करावं?

प्रश्नात लिहिलंय ते असं: पुण्यात येऊन दोन वर्षं झाली, पाऊस ओसरला की सकाळी शिंकांची माळ, डोळे खाजून लाल, नाक नळासारखं गळतं. सेट्रिझिन घेतली की ऑफिसात डुलक्या. घरचे म्हणतात प्रतिकारशक्ती कमी आहे, च्यवनप्राश खा. सोसायटीसमोरच्या सप्तपर्णीमुळे होतंय का, आणि कायमचा उपाय आहे का.

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. पण ते "घरचे म्हणतात" वाचलं आणि राहवेना.

आधी प्रतिकारशक्तीचं सांगते. कमी नाहीये हो ती, उलट जास्तच आगाऊ आहे. दारात दूधवाला आला तरी चोर चोर करून अख्खी गल्ली उठवणारी. परागकण बिचारा काही करत नाही, आपलंच शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं आणि मग शिंका, पाणी, खाज. त्यामुळे च्यवनप्राश खायचा तर चवीसाठी खा.

आता माझं. २००६ ला लग्न होऊन कराडकडून पुण्यात आले, सिंहगड रोडला. घरात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, आम्ही दोघं. पहिली दोन वर्षं काही नाही, मग सुरू झालं. आणि वेळ कोणती तर पितृपक्ष संपत आला की घट बसायच्या आत घर धुऊन काढायचं असतं ना, माळ्यावरची पितळी भांडी, पडदे, गोधड्या, बरोबर तेव्हा. पहिली गोधडी उचलली की माझं सुरू. जाऊबाई म्हणायच्या, "हिला बरोबर कामाच्या वेळेला शिंका येतात." ते पण हसत हसत म्हणायच्या, त्यामुळे भांडताही येत नाही.

शिंकांपेक्षा वाईट म्हणजे टाळूची खाज. ज्यांना आहे त्यांनाच कळेल. कानाच्या आतून कुठून तरी निघते, बोट पोचत नाही, मग जीभ मागे नेऊन टाळू खरवडायची, आणि त्याचा खर्र खर्र असा घाणेरडा आवाज येतो. सासूबाईंनी एकदा न्हाणीघरात जाऊन बेडूक शोधला होता.

तर २०१२ चा दसरा. भाऊजींची पहिली गाडी यायची होती, शोरूमला ११ ची वेळ. मी सकाळपासून झेंडूची तोरणं ओवत बसलेले, टोपलीत हात घातला की नाक हुळहुळत होतं (झेंडू आणि गाजर गवत एकाच कुळातले हे मला फार नंतर कळलं). भाऊजींनी चपला घातल्या, उंबऱ्यात पाय ठेवला आणि मला शिंक आली. एक नाही, सात. वहिनींनी लगेच त्यांना बसवलं, पाणी दिलं. सासूबाई म्हणाल्या जोडीने आल्या तर चालतं. मी गणिताची बाई, सात विषम हे मला सांगायला नको, मी खरंच आठवी यावी म्हणून ट्यूबलाइटकडे बघत उभी राहिले. नाही आली. जेव्हा पाहिजे तेव्हा येत नाही.

गाडी आली, पांढरीशुभ्र, हार घातलेली, आणि सोसायटीच्या गेटात वळवताना डाव्या बाजूने खांबाला घासली. भाऊजींचा एक हात पेढ्यांच्या बॉक्सवर होता हे मी वरून गॅलरीतून बघितलंय. पण घरात ठरलं काय, तर शिंक. माशी शिंकली म्हणतात ना, आमच्याकडे माशीच्या जागी मी. ओरखडा त्यांनी रंगवून पण घेतला नाही, म्हणे राहू दे, नजर लागायची नाही. म्हणजे रोज येता-जाता तो ओरखडा माझ्यासमोर.

मला इतकं लागलं की दुसऱ्याच दिवशी मेडिकलमध्ये गेले, म्हटलं काहीही द्या पण नाक बंद करा. त्याने नाक मोकळं करायचे थेंब दिले. आणि खोटं कशाला बोलू, जादू वाटली. शिंका थांबत नाहीत त्याने, पण चोंदलेलं नाक दोन मिनिटांत सताड उघडं. त्या रात्री मी तोंड मिटून झोपले.

ती बाटली मी चार वर्षं वापरली. एक उशीखाली, एक पर्समध्ये, एक शाळेच्या ड्रॉवरमध्ये. सुरुवातीला रात्री एकदा, मग दोनदा, मग दर तीन तासांनी. तास संपल्याची घंटा झाली की मुलं डबा काढायची आणि मी बाटली. २०१६ ला गौरींना गावी गेलो आणि बाटली पुण्यात राहिली. रात्री ११ ला दोन्ही नाकपुड्या पक्क्या बंद, डाव्या कुशीवर वळलं की वाटायचं उजवी उघडतेय, पण नाही. पडवीत बसून तोंडाने श्वास घेत होते. शेवटी नवऱ्याने बाइक काढली, तालुक्याचं गाव ९ किलोमीटर, दुकानाच्या वरच राहणाऱ्या मेडिकलवाल्याला उठवलं आणि अर्ध्या शटरमधून बाटली घेऊन आला. मी ती दातांनी उघडली. नवरा बघत होता. काही बोलला नाही, पण पुण्यात आल्याआल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी पर्समधली बाटली मागितली आणि चष्मा वर करून त्यावरचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं. हे थेंब चार-पाच दिवसांच्या वर घालायचे नसतात. नाकातल्या रक्तवाहिन्या ते आवळून धरतात, असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत थेंब. म्हणजे शेवटची तीन-साडेतीन वर्षं मी ॲलर्जीने कमी आणि औषधाने जास्त चोंदले होते. सोडवायला त्यांनी स्टेरॉइडचा नेझल स्प्रे सुरू केला आणि थेंब एकदम न तोडता आधी एका नाकपुडीचे बंद करायला लावले, ती सुधारली की दुसरीचे. दोन आठवडे झोपेचं खोबरं झालं. पण सुटलं.

आणि इथेच मला खरं भांडायचंय. घरी सांगितलं स्प्रे सुरू केलाय, तर वहिनी म्हणाल्या, "स्टेरॉइड? अगं बाई, सवय लागते त्याची." चार वर्षं मी त्यांच्यासमोर थेंब घालत होते, तेव्हा एक अक्षर नाही! ज्याची खरंच सवय लागते ते घरोघरी फ्रिजच्या दारात पडलेलं असतं आणि ज्याची लागत नाही त्याच्या नावाला लोक घाबरतात. या स्प्रेत औषध अगदी थोडं असतं आणि काम नाकातल्या नाकात करतं, पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांशी त्याची तुलना नको. फ्लुटिकासोन, मोमेटासोन अशी नावं असतात, डॉक्टरांना विचारा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच आहे.

पण लोक दोन दिवस मारतात आणि म्हणतात काही फरक नाही. अहो, तो पेनकिलर नाही. नीट असर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, रोज घ्यावा लागतो आणि सीझन सुरू व्हायच्या आधीपासून घ्यावा लागतो. माझा १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आले की सुरू. आणि मारायची पद्धत: मान थोडी खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, कानाच्या दिशेला. नंतर जोरात ओढायचं नाही, ओढलं की सगळं घशात. मी पहिला महिना सरळ पडद्यावर मारत होते, रक्त यायला लागलं तेव्हा अक्कल आली.

झोपेचं म्हणाल तर सेट्रिझिन रात्री घेऊन बघा. नाहीतर फेक्सोफेनाडिनने फारशी झोप येत नाही, फक्त ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, असर कमी होतो.

आता सप्तपर्णी. तिला उगाच बदनाम केलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरला संध्याकाळी तो वास डोक्यात जातो हे खरं, आधीच सुजलेलं नाक वासाने चिडतं हेही खरं. पण तिचं परागीभवन कीटक करतात, वाऱ्यावर सगळ्या शहरभर उडणारा परागकण तो नव्हे. वाऱ्यावर येतं ते गवतांचं, आणि आपल्याकडचं मोठं खलनायक म्हणजे गाजर गवत, तेच ते काँग्रेस गवत, गावाकडे चटकचांदणी. अमेरिकेतून आलेल्या गव्हातून ते आलं म्हणतात आणि भारतात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं ते १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. तुमच्या सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर छातीएवढं वाढलेलं, पांढऱ्या टिकल्यांसारखी फुलं असलेलं काही आहे का बघा. असणारच. उपटायचं तर फुलं यायच्या आधी आणि हातमोजे घालून, एका झाडाला हजारांनी बी येतं, शिवाय कातडीलाही खाज सुटते. फुलं आल्यावर तुम्ही स्वतः उपटायला जाऊ नका, दुसऱ्याला सांगा.

मला कसं कळलं की माझं गाजर गवतच आहे? तर त्याच वर्षी, २०१६ च्या नवरात्रात टेस्ट केली. त्याआधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, तो आठवडा विचारू नका. हाताच्या आतल्या बाजूला पेनने आकडे लिहितात, प्रत्येकाशी एक थेंब, त्यावर हलकी टोचणी, आणि १५-२० मिनिटं हात न खाजवता बसायचं. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या जागी काहीच आलं नाही. गाजर गवताच्या जागी रुपयाएवढी गांधी. आणि दुसरी तेवढीच मोठी कसली, तर घरातल्या धुळीतल्या माइटची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची, जे राहतात कुठे तर गाद्या, उशा, पडदे आणि गोधड्यांत. गोधड्या! मी तिथल्या तिथे हाताचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "८ नंबर माळा, १४ नंबर रस्ता". भाऊजींनी अंगठा टाकला. वहिनींनी बघितलं, निळ्या टिका दिसत होत्या.

हा प्रकार नवा नाही बरं का. मँचेस्टरला चार्ल्स ब्लॅकली म्हणून डॉक्टर होता, त्याला स्वतःलाच हा त्रास, त्याने हातावर ओरखडे काढून त्यात परागकण चोळले, नाकात घातले, आणि १८७३ ला सगळं छापलं. त्याआधी बऱ्याच जणांना वाटायचं वाळल्या गवताच्या वासाने नाहीतर उन्हाने होतं. नाव हे फीव्हर, आणि त्यात ना हे ना फीव्हर. स्वतःला ओरखडे काढून घेतले त्याने, आणि आमच्याकडे गाडीला ओरखडा पडला तरी खापर शिंकेवर!

बाकी फुटकळ. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. सीझनमध्ये कपडे गच्चीवर वाळत घालू नका, सगळे पराग त्याच्यावर. बाहेरून आलं की तोंड-डोळे धुवा, आंघोळ रात्री करा म्हणजे केसातलं उशीवर जात नाही. आजी करंगळीने नाकपुडीच्या कडेला तूप लावायची, मी बाहेर पडताना लावते, मला बरं वाटतं, पुरावा मागू नका. वाफेने तेवढ्यापुरतं मोकळं होतं. जलनेती चांगली, माझा नवरा तिचा प्रचारकच आहे, पण पाणी उकळून गार केलेलंच पाहिजे, अर्ध्या लिटरला पाऊण छोटा चमचा मीठ. नळाचं थेट नाही. २०११ ला अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करून दोघं जण गेले, अमिबा मेंदूपर्यंत पोचला. मध खाऊन ॲलर्जी जाते म्हणतात ते मी वर्षभर करून बघितलं, वजन वाढलं.

कायमचं जातं का? इम्युनोथेरपी असते, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, इंजेक्शन किंवा जिभेखाली थेंब, ३ ते ५ वर्षं चिकाटीने. बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, पण टेस्ट करून, जाणकाराकडेच. मी नाही केली, माझं स्प्रेवर भागतं.

हे आधी लिहायला हवं होतं, पण आता लिहिते: छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल तर शिंकांचं सोडा आणि दम्यासाठी तपासून घ्या, हे दोन्ही बरेचदा जोडीने असतात. एकाच बाजूचं नाक सतत बंद आणि रक्त, तरी दाखवा. गरोदर असाल, बीपी किंवा काचबिंदू असेल तर माझं ऐकून काहीच सुरू करू नका. ॲलर्जीच्या गोळीत मॉन्टेलुकास्ट हे दुसरं औषध घातलेली जोडगोळी कोणी दिली आणि मूड विचित्र व्हायला लागला, वाईट स्वप्नं पडली तर लगेच सांगा डॉक्टरांना. आणि नाकाचं हाड वाढलंय असं कोणी सांगितलं तर ऑपरेशनच्या आधी ॲलर्जीची टेस्ट करा. माझ्या नणंदेने हाड सरळ करून घेतलं, आता सरळ नाकाने शिंकते.

ती गाडी भाऊजींनी गेल्या वर्षी विकली. घेणाऱ्याने डाव्या बाजूचा ओरखडा दाखवून ५ हजार कमी केले. वहिनींनी ग्रुपवर लिहिलं, "धाकटीच्या शिंकेचे ५ हजार," पुढे हसणारे तीन चेहरे. मी काही लिहिलं नाही. २०१६ चा हाताचा फोटो शोधला आणि परत टाकला.