रोज लोकलने प्रवास करतो. स्मार्टवॉचचा खरंच उपयोग होतो का? आईला शुगर आहे, तिच्यासाठीही घेऊ का?

आधी आईंचं. सुई न टोचता साखर मोजतं असं सांगून कुणी घड्याळ विकत असेल, तर घेऊ नका. असं एकही घड्याळ किंवा अंगठी मंजूर केलेली नाही, हे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. घरचा ग्लुकोमीटरच बरा. दंडावर चिकटवायचा, सतत साखर मोजत राहणारा सीजीएम सेन्सर ही वेगळी गोष्ट. त्याचा बारीक तंतू कातडीखाली जातो.

नाडी मात्र बसल्या जागी बऱ्यापैकी नीट कळते. घड्याळाच्या पाठीवरच्या हिरव्या दिव्याचा प्रकाश रक्त शोषून घेतं, त्यामुळे ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा भरकटतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधा, सरकणार नाही पण वळही उठणार नाही इतपत घट्ट. तिथे गडद टॅटू असेल तर दुसरा हात वापरा.

पावलं मोजली जातात ती हाताच्या हालचालीवरून. दादरच्या पुलावर दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या असतील तर बरीच गळतात. उलट पोळ्या लाटताना फुकटची जमा होऊ शकतात! म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवड्यांची तुलना करा.

लोकलच्या गर्दीत माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मनगटावरची थरथर. फोन बॅगेतच राहतो, कॉल कुणाचा ते कळतं. चार दिवसांनी नोटिफिकेशन बंद पडली तर घड्याळाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा बॅटरी वाचवायला फोननेच घड्याळाचं ॲप झोपवलेलं असतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

राहिला घाम. चार्जिंगच्या पिना उघड्या असतील तर ओलसर असताना चार्जिंगला लावू नका, खारट ओलाव्यात वीज गेली की त्या गंजतात. कोरड्या फडक्याने पुसून मगच लावा. घड्याळावर लिहिलेलं '५ एटीएम' (पाण्याचा दाब सोसण्याचं माप) म्हणजे ५० मीटर खोल बुडी मारायची परवानगी नव्हे. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. पाऊस, पोहणं चालेल. गरम पाणी आणि साबण टाळा, रबरी सील खराब होतात. चौपाटीवर खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुवा. पट्ट्याखाली पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत घड्याळ काढूनच ठेवा.