त्यांच्याबरोबर गेले नाही, आता एकटीच जाते

पत्र

ताई, मी 51 वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये लँकेस्टरला राहते, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान हार्ट अटॅकने गेले. मुलगा ब्रिस्टलला शिकतो. यजमान पुण्याचे, राजगड-हरिश्चंद्रगड करणारे. इथे आल्यापासून म्हणायचे, एकदा लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर चढू या. आम्ही गाडीने बाउनेसपर्यंत जायचो, बोटीत बसायचो, आइस्क्रीम खाऊन परत. चढायचा कंटाळा माझाच असायचा. गेल्या वर्षी कामावरच्या मैत्रिणीने मला ओढूनच लॉफ्रिग फेल नावाच्या टेकडीवर नेलं. तेव्हापासून दर शनिवारी जाते, एकटीच. वर गेलं की शांत वाटतं, कधी चक्क आनंद होतो आणि उतरताना स्वतःची लाज वाटते. त्यांच्या नावाने, इथल्या डोंगरांवर पुस्तकं लिहिणाऱ्या वेनराइटच्या यादीतले सगळे 214 माथे करायचे ठरवलंय. चिंचवडच्या वन्सं म्हणाल्या, "दादा गेला आणि तुला डोंगर सुचतायत." मराठी मंडळात जाणंही सुटलंय, सगळे जोडीने येतात. गावात एक वॉकिंग ग्रुप आहे, पण त्यात सगळे गोरे, निवृत्त आणि शेवटी पबमध्ये बसतात. मी पीत नाही. ताई, मी पळतेय का?

उत्तर

लाजेचं आधी बोलू. तुमच्या शेवटच्या प्रश्नाच्या मुळाशी तीच आहे.

लॉफ्रिग 335 मीटरचा. आपल्या गडांपुढे ही उंची सांगायलाही संकोच वाटावा, पण ओल्या दगडावर पाय कुठे टाकायचा हे बघत चढणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. घरी रात्रंदिवस डोक्यात चालणारं "डॉक्टरकडे आधी नेलं असतं तर" तेवढा वेळ थांबतं. ते थांबलं की खाली तळं दिसतं, वारा लागतो, बरं वाटतं. इतकंच झालंय. यात तुमच्या यजमानांचं काही कमी झालेलं नाही. उलट त्यांना ज्यात सुख वाटायचं ते तुम्हाला आत्ता कळतंय. उशिरा कळलं याचं वाईट वाटणारच. ते तुम्ही कंटाळा करायचात तेव्हा कळायला हवं होतं, हेही खरं आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही. ती हळहळ राहील. तिला सॅकमध्ये घाला आणि चाला.

214 च्या यादीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ज्याच्या नावाने ही यादी ओळखली जाते तो आल्फ्रेड वेनराइट ब्लॅकबर्नचा, तुमच्याच काउंटीतला. 1930 साली तेविसाव्या वर्षी विंडरमिअर स्टेशनजवळच्या ओरेस्ट हेडवर चढला आणि समोरचे डोंगर बघून वेडा झाला. पुढे केंडलला पालिकेच्या हिशेबखात्यात नोकरी धरली. गाडी चालवत नसे, सुट्टीच्या दिवशी बसने जायचा आणि एकटा चालायचा. वाटेत कोणी भेटलेलं त्याला फारसं खपत नसे. त्याचं पहिलं लग्न सुखाचं नव्हतं हे जगजाहीर आहे. त्यामुळे डोंगर पळवाट होऊच शकत नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्यासाठी तो बऱ्याच अंशी होता.

तुमचं तसं नाही, कारण तुम्ही कोणाला टाळून जात नाही. घरी टाळण्यासारखं कोणी उरलेलंच नाही. पण "त्यांच्या नावाने 214" म्हटलं की शनिवार हप्त्यासारखा होतो. पाऊस असला तरी जायचं, गुडघा दुखला तरी जायचं, एक माथा राहिला तर अपराध. वेनराइटलासुद्धा ते सगळे माथे फिरून कागदावर उतरवायला 13 वर्षं लागली. तुम्ही यादी फ्रिजवर लावा हवी तर, पण त्यांच्या नावाने एकच माथा निवडा. ते असते तर कुठल्या वाटेने गेले असते, हा विचार करून. बाकीचे तुमचे. लॉफ्रिगवर पुन्हा पुन्हा जावंसं वाटलं तर दहा वेळा जा.

आणि तो एक माथा कोणता, यावर मी आगाऊपणे सुचवते: ग्रेट गेबल, 899 मीटर. तिथल्या फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लबचे 20 सदस्य पहिल्या महायुद्धात गेले. मागे राहिलेल्यांनी वर्गणी काढून आसपासचे डोंगरमाथे विकत घेतले, 1923 मध्ये ते सगळ्यांसाठी खुले राहावेत म्हणून नॅशनल ट्रस्ट या जमिनी आणि वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिले आणि 1924 साली गेबलच्या माथ्यावर नावांची पाटी बसवली. आजही नोव्हेंबरात रिमेंब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, लोक तिथे जमतात. अकरा वाजता वर पोचायचं म्हणून अनेकजण अंधारात, डोक्याला दिवा लावून निघतात. ज्यांचं त्या पाटीवर कोणी नाही असेही पुष्कळ असतात. मेलेल्या मित्रांसाठी डोंगर घेऊन ठेवणं ही मला फार पटलेली गोष्ट आहे. दुःख घेऊन वर जाणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही.

पण गेबलला नोव्हेंबरात एकटीने जायचं नाही. म्हणून आता ग्रुपचं.

तुम्हाला तिथे ओशाळं वाटेल ही भीती खोटी नाही. मँचेस्टरला 2019 साली "ब्लॅक गर्ल्स हाइक" हा कृष्णवर्णीय बायकांचा डोंगर चालण्याचा ग्रुप सुरू झाला तो याच कारणाने. डोंगरावर आपल्यासारखं कोणी दिसतच नाही, असं काही बायकांना वाटलं. तेव्हा असाही ग्रुप तुम्हाला शोधता येईल. पण गावातला आधी बघा. चालताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, पुढच्या वाटेकडे बघतात, त्यामुळे बोलणं सोपं जातं आणि गप्प राहिलं तरी कोणी "काय झालं?" विचारत नाही. सुरुवातीला हवामान, मग बूट, मग बऱ्याच वेळाने कोणीतरी सांगतं की त्याचीही बायको गेली. निवृत्त माणसांच्या ग्रुपात असे दोन-चार निघतातच. मंडळात तुम्ही "अमक्यांच्या मिसेस" होतात आणि आता ती खुर्ची रिकामी दिसते. या लोकांनी ती खुर्ची कधी बघितलेलीच नाही. (मंडळ सोडू नका, पण स्वतःवर जबरदस्तीही नको. गणपतीला जा, आरती करा, प्रसाद घ्या, निघा.)

एकटीचे शनिवारही ठेवा, ते मी काढून घेत नाही. महिन्यातला एक ग्रुपला द्या. एकटी असाल तेव्हा कुठून चढणार, कुठून उतरणार आणि किती वाजता खाली येणार हे त्या फार्मसीतल्या मैत्रिणीला कळवायचं. मुलाला नको, ब्रिस्टलहून तो फक्त घाबरेल. वेळेचा हिशेब तिथले लोक नेस्मिथच्या नियमाने करतात: 5 किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाला आणखी एक. तुम्ही त्यावर अर्धा तास चहाचा धरा. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो हे विसरू नका. शिटी जवळ हवी, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा वाजवायची. फोन लागला तर 999, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, त्यामुळे त्यांना बोलवायला लाजायचं नाही.

राहता राहिल्या वन्सं. त्यांना तुम्ही उत्तर दिलं नसेल तर देऊही नका. तुमचा नवरा गेला, तसा त्यांचा भाऊ गेला, आणि लँकेस्टरहून येणारे फोटो बघताना त्यांच्या हातात काहीच नाही. तुमच्याकडे निदान चढायला डोंगर आहे. एका रविवारी फोन करा आणि विचारा, दादा पहिल्यांदा राजगडला गेला तेव्हा घरी काय झालं होतं? कोणाबरोबर गेला, किती वाजता परतला, आईंनी काय बोलून घेतलं? त्या तासभर बोलतील. डोंगराचं समर्थन करायची वेळच येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या इथे येणार असतील, तर विंडरमिअरला उतरून ओरेस्ट हेडवर न्या. जेमतेम 238 मीटर, साडीवरही जमतं, बूट मात्र घालायला लावा.

ग्रुपच्या माणसाला ईमेल आजच टाका. पबची काळजी नको, तिथे चहा मिळतो.