ठिबकात आम्ल सोडण्याआधी

भाऊ, 'तीव्र' आम्ल म्हणजे दाट आम्ल नव्हे, हा घोळ आधी सोडा. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळपास सगळे रेणू पाण्यात आयनांत सुटतात (तुटून वेगळे होतात), म्हणून ०.१ मोलर (दाटपणाचं माप) द्रावणाचा सामू (pH, कमी तितकं आम्लधर्मी) १. तेवढ्याच दाट अ‍ॅसिटिक आम्लाचा (व्हिनेगरमधलं) २.९, कारण शंभरातले एक-दीड रेणूच सुटतात. तरी दोन्हींची सारखीच मात्रा उदासीन करायला कॉस्टिक सोडा तेवढाच लागतो. सुटलेले खर्च होतात तसे उरलेले सुटत जातात.

रावेर-यावलकडे केळीच्या नळ्यांत क्षार बसले की हायड्रोक्लोरिकच बरं. शेवटच्या ड्रिपरखाली सामूपट्टी धरा (लिटमस नको, तो आकडा सांगत नाही), ४ दिसला की पंप बंद. नंतर नळ्यांची टोकं उघडून धुवा. आम्ल पाण्यात ओता, उलट कधीच नाही. ब्लीचिंग पावडर सोबत नकोच, क्लोरीन सुटतो.