पडेल अल्बम कोणता ते आधी सांगा

(गाण्याबजावण्याबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे गृहस्थ फोर्टातल्या एका कॅसेटच्या दुकानात एकवीस वर्षं काउंटरवर उभे होते. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.)

प्रश्न : आम्ही दोघं मित्र, पन्नाशीला टेकलेले. रविवारी सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो आणि गेले तीन रविवार एकाच विषयावर भांडतो आहोत. एखाद-दुसरा अल्बम नव्हे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळेच अल्बम चांगले, असा बँड कोणता? मी म्हणतो लेड झेपलिन, मित्र म्हणतो पिंक फ्लॉइड. माझा मुलगा मध्येच तोंड घालून रेडिओहेड म्हणाला. मिसळीची पैज लागली आहे, निकाल द्या.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पैज लावताना नियम ठरवले नाहीत, तिथेच घोळ झाला.

आमच्या काउंटरवर हा वाद आठवड्यातून एकदा तरी व्हायचा. भांडणारा प्रत्येक जण आपल्या बँडचा सगळ्यात भारी अल्बम पुढे करायचा. एकाने ‘डार्क साइड ऑफ द मून’ काढला की दुसरा झेपलिनचा चौथा काढणार. अहो, पण सातत्य शतकांवरून कळत नाही. भोपळा किती वेळा फोडता आला नाही, ते मोजावं लागतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी विचारायचो, तुमच्या बँडचा पडेल अल्बम कोणता? आणि तो सलग ऐकवतो का? निम्मे तिथेच गप्प व्हायचे.

आता तुमच्या मित्राचा फ्लॉइड घ्या. १९७३ ते १९७९ या काळात ‘डार्क साइड’, ‘विश यू वर हिअर’, ‘ॲनिमल्स’ आणि ‘द वॉल’ असे ओळीने चार. यावर बोलायची माझी छाती नाही. पण एकूण अल्बम पंधरा आहेत. त्यात १९६९चा ‘उमागुमा’ आहे. त्याची एक तबकडी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, आणि दुसरीवर चौघांनी आपापला कोपरा वाटून घेऊन ज्याला जे सुचलं ते वाजवलंय. भाऊबंदकीत घर वाटून घेतल्यावर प्रत्येकाने आपल्या खोलीला वेगळा रंग द्यावा, तसं ते ऐकू येतं. मी ती दुसरी तबकडी सलग दोनदा ऐकली आहे, दुसऱ्यांदा ऐकली ती पहिल्यांदा काही चुकलं असेल म्हणून. मित्र बाद.

रेडिओहेडचे नऊ. मुलाला सांगा, १९९३चा ‘पाब्लो हनी’ एका गाण्यावर उभा आहे, आणि ते गाणं कोणतं हे त्यालाही माहीत आहे. १९९५च्या ‘द बेंड्स’पासून मोजायची परवानगी असती तर तो जवळजवळ जिंकला होता. पण पहिलीचा निकाल लपवून दुसरीपासूनचं प्रगतिपुस्तक दाखवता येत नाही.

तुमचं झेपलिन मात्र तगडं आहे. १९६९ ते १९७९, दहा वर्षांत आठ अल्बम. सगळ्यात कमी प्रेम मिळालं ते १९७६च्या ‘प्रेझेन्स’ला. तो कसा झाला बघा. आदल्या वर्षी ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर गाडीला अपघात होऊन रॉबर्ट प्लांट जायबंदी झाला होता, तरी म्युनिकमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून गायला, आणि जेमतेम तीन आठवड्यांत सगळं उरकलं. अल्बममध्ये घाई ऐकू येते, पण त्यातलं दहा मिनिटांचं पहिलं गाणं एकट्याने सगळी लाज राखतं. अडचण वेगळीच आहे. १९८० मध्ये ड्रमवाला जॉन बॉनम गेला आणि त्यांनी दुकान बंद केलं. ऐंशीचं दशक, ते सिंथेसायझर, ते फुगवलेले केस, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला आलं नाही. परीक्षेआधीच शाळा सुटली म्हणून कोणी नापास झाला नाही, असा हा प्रकार. त्यांचा दोष नाही, पण गुण देताना हात थोडा आखडता येतो.

बीटल्सचं नाव तुम्ही दोघांनी घेतलं नाहीत, याबद्दल अभिनंदन. सगळे तेच घेतात. त्यांचाही एक थकलेला अल्बम आहे. १९६४ मध्ये आधी ‘अ हार्ड डेज नाइट’ आला, तेराच्या तेरा गाणी लेनन-मॅकार्टनीची. त्याच वर्षाच्या शेवटी ‘बीटल्स फॉर सेल’, त्यात चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची उचललेली. मुखपृष्ठावरचे चेहरेच बघा. चर्चगेटहून सुटणाऱ्या रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये असे चेहरे दिसतात. आणि ‘यलो सबमरीन’मध्ये त्यांची नवी गाणी फक्त चार, दुसरी बाजू अख्खी जॉर्ज मार्टिनच्या वाद्यवृंदाची.

मग माझं मत कोणाला? स्टीली डॅन. हसू नका. आमच्या दुकानात वर्षाकाठी दोन माणसं हे नाव घ्यायची, त्यातला एक मी. १९७२ ते १९७७ दरवर्षी एक अल्बम, मग १९८० मध्ये ‘गाउचो’. झाले सात. १९७४ नंतर त्यांनी दौरे सोडूनच दिले आणि डोनल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर असे दोघेच स्टुडिओत बसून एकेका गाण्यासाठी वेगवेगळे वादक बोलवत राहिले. त्यांचा स्वतःचा नावडता निघाला १९७५चा ‘केटी लाइड’. आवाज नीट उतरला नाही म्हणून दोघं हळहळत राहिले. गाण्यांबद्दल तक्रार नव्हती! वीस वर्षांनी परतले, २०००च्या ‘टू अगेन्स्ट नेचर’ला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला. आणि २००३चा शेवटचा, ज्याला मी नववा नंबर देईन, तोसुद्धा मी कांदे चिरताना सलग लावतो.

मिसळीचं बिल तिघांनी वाटून घ्या. मुलाचा वाटा थोडा जास्त, मध्ये तोंड घातल्याबद्दल.

प्रश्न : ‘अल्बम सलग ऐकावा’ असं तुम्ही प्रत्येक अंकात लिहिता. नको असलेलं गाणं पुढे ढकललं तर बिघडलं कुठे? पूर्वी लोक खरंच सगळं ऐकायचे का, की ही आता म्हणायची गोष्ट?
— एक वाचिका, विलेपार्ले

उत्तर : ऐकायचे, कारण इलाज नव्हता. यात रसिकता फार नव्हती हो.

मी मालाडहून चर्चगेटला स्लो लोकलने जायचो. शर्टाच्या आत वॉकमन, वायर कॉलरमधून वर. गाणं पुढे ढकलायचं तर फॉरवर्डचं बटण दाबून अंदाजाने थांबायचं, आणि त्यात सेल असे उतरायचे की संध्याकाळी परतताना गायकाला सर्दी झाल्यासारखा आवाज यायचा. पेन्सिल सेलची जोडी वाचवायची तर नावडतं गाणंही निमूट ऐकायचं. मालाडला साईड ए सुरू केली की खार-वांद्र्याच्या मध्ये संपायची. कॅसेट उलटायची ती तिथेच, कारण एकदा दादर आलं की कोपर अंगाला चिकटायचं ते मुंबई सेंट्रलपर्यंत सुटायचं नाही. मी अंगठ्याने झाकण उघडून, शर्टाच्या आतल्या आत, न बघता कॅसेट उलटायला शिकलो होतो. एकदा ती निसटून चौथ्या सीटवर टेकलेल्या गृहस्थांच्या डब्याच्या पिशवीत पडली. त्यांनी ती काढली, नाव वाचलं, ‘ॲनिमल्स’, आणि मला म्हणाले, “प्राण्यांचे आवाज आहेत काय?” मी हो म्हणालो. खोटं नव्हतं, त्यात कुत्री भुंकतात आणि मेंढ्या ओरडतात.

तुमच्या प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं चांगल्या आवाजात मावायची. म्हणजे अल्बम झाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा, आठ-दहा गाण्यांचा. अकरावं गाणं बरं असलं तरी घरी ठेवावं लागे. मग सीडी आली, तिच्यात चौऱ्याहत्तर मिनिटं. जागा मोठी मिळाली की माणूस अडगळ साठवतोच, तुमच्या-आमच्या माळ्यासारखी. ओएसिसचा १९९७चा ‘बी हिअर नाऊ’ बघा, बारा गाणी आणि एकाहत्तर मिनिटं. त्यातलं एक तर नऊ मिनिटं संपतच नाही. याच पोरांनी दोन वर्षांपूर्वी पन्नास मिनिटांत एकही भरतीचं गाणं न घालता अल्बम केला होता. तेव्हा नव्वदीनंतरचं गाणं पुढे ढकललंत तर मी रागावणार नाही. सत्तरीतलं ढकलण्याआधी एकदा थांबा, कारण ते तिथे यावं म्हणून दुसरं एखादं गाणं घरी राहिलेलं असतं.

प्रश्न : एसी/डीसीचे सगळे अल्बम सारखेच असतात, असं तुम्ही मागे लिहिलंत. मग त्यांनाच सातत्याचा पहिला नंबर द्यायला हवा ना?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : पकडलंत. स्टेशनबाहेरच्या वडापावाच्या गाडीला आपण सातत्याबद्दल पारितोषिक देत नाही, पण तिखट चटणी एक दिवस कमी पडली तर भांडतो. १९८०च्या फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला आणि जुलैत नव्या गायकाला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात होता. चव तीच. मी त्यांना कमी लेखलं असेन तर शब्द मागे घेतो. मात्र ऐंशीच्या दशकाच्या मधल्या भागातला त्यांचा एक अल्बम मला आजही दुसऱ्यापासून वेगळा करता येत नाही.

प्रश्न : तुमच्या याद्यांमध्ये सगळे गोरेच का? आपल्याकडे बँड नव्हते? मराठीत तर कुठेच काही नाही.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : होते की. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो आहोत. तुमच्या गिरगावातून चालत जाता यायचं. १९८४ मध्ये मुंबईतच रॉक मशीन जमलं, १९९३ मध्ये त्याचं नाव इंडस क्रीड झालं. अल्बम चारच, १९८८, १९९०, १९९५ आणि मग थेट २०१२. चार अल्बमांवर सातत्य काय मोजणार? मधली सतरा वर्षं मोजायची की नाही, यावर वेगळी पैज लागेल. दिल्लीच्या इंडियन ओशनचा २०००चा ‘कंदिसा’ आमच्या काउंटरवर रॉक न ऐकणारी माणसंसुद्धा मागायची.

मराठीचं म्हणाल तर मोजमापच वेगळं आहे. आपलं भावगीत तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीवर वाढलं, एका बाजूला एक गाणं. त्यामुळे आपण गाण्याला मान दिला, गायकाला दिला, संगीतकाराला आणि कवीलाही दिला. अल्बम ही वस्तू आपल्याकडे आली ती गाणी एकत्र बांधायची पुरचुंडी म्हणून. माझ्या आईला एकाच कवीची दहा गाणी सलग ऐकायला लावली असती तर ती म्हणाली असती, मध्ये जरा दुसरं काहीतरी लाव.

प्रश्न : कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं आणि उरलीसुरली गाणी गोळा करून काढलेले अल्बम हिशोबात धरायचे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. एकच अपवाद करायचा मोह होतो. झेपलिनचा ‘कोडा’, १९८२ मध्ये आलेलं उरलंसुरलं. तो धरला तर ठाणेकरांची बाजू पडते. पण १९७२ मध्ये झेपलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ नव्याने वाजवून गेले होते. ती रेकॉर्डिंगं अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, याच ‘कोडा’च्या वाढीव आवृत्तीत. ‘फ्रेंड्स’मध्ये आपले सारंगी-व्हायोलिनवाले कान देऊन ऐका. हिशोबात धरू नका, घरात ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या माळ्यावर दोन खोकी भरून इंग्रजी कॅसेट सापडल्या. वाजतील का?
— एक वाचिका, बोरिवली

उत्तर : लगेच लावू नका. मुंबईच्या पावसात पट्टीला पांढरी बुरशी धरते आणि ती प्लेअरच्या हेडला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी खिडकीतून पट्टीच्या गुंडाळ्याकडे उजेडात बघा, पांढरे ठिपके दिसले तर ती बाजूला. उरलेल्या कॅसेट पेन्सिलीने हळूहळू एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले पदर सुटतील. तळाशी मध्ये छोटा फेल्टचा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज दबून येईल. कोपऱ्यांत आणि मध्ये मिळून पाच स्क्रू असलेली कॅसेट उघडता येते, चिकटवलेली उघडू नका.

आणि एक काम करा. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हे नाव दिसतं का बघा. या बँडने १९६९ या एका वर्षात तीन अल्बम काढले, तिन्ही खणखणीत. मग गायक जॉन फोगर्टीचा भाऊ सोडून गेला, बँडमधल्या उरलेल्या दोघांनाही गाणी लिहायला आणि गायला दिली, आणि १९७२ मध्ये सातवा ‘मार्डी ग्रास’ आला. सातत्याच्या यादीतून मी त्यांना बाद करतो ते याच्यामुळे. काउंटरवर मी तो गिऱ्हाइकांना घेऊ नका सांगायचो. पण त्यात ‘समडे नेव्हर कम्स’ नावाचं एक गाणं आहे, आणि माझी कॅसेट १९९४च्या सुमारास कोणीतरी ऐकायला म्हणून नेली ती गेलीच. तुमच्या खोक्यात असेल, आणि वडिलांची हरकत नसेल, तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. पोस्टाचा खर्च मी देईन.