स्पॅनिशचा वर्तमानकाळ जमतो, पण सब्जंक्टिव्ह डोक्यात शिरत नाही. कसा शिकू?

इंग्रजीतून शिकत असाल तर ते आधी थांबवा. मराठीत हा प्रकार (इच्छा, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप) तयारच आहे. मी वेंगुर्ल्याला खळ्यात बसून पावसावरच शिकलो.

'इथे खूप पाऊस पडतो' म्हणजे युएबे मुचो. 'बघ, पडतोय' म्हणजे एस्ता योबिएन्दो (नुसतं युएबेही चालतं). आणि मृग कोरडा जायला लागला की 'पडो रे बाबा एकदाचा': ओहाला युएबा! हा 'पडो' म्हणजेच सब्जंक्टिव्ह. ओहाला मूळ अरबी, त्यात अल्ला दडलाय. 'पाऊस पडावा असं वाटतं' हेही तसंच, किएरो के युएबा.

रूपात बहुधा शेवटचा स्वर उलटतो: युएबेचं युएबा, कांताचं (गातो) कांते.

खरा घोळ 'पाऊस पडला की होडी वर घेऊ' इथे होतो. आपण बिनधास्त 'पडला' म्हणतो, स्पॅनिशला मात्र क्वान्दो युएबाच लागतं, कारण पाऊस अजून पडायचाय. मी इथे वर्षभर चुकत होतो. 'पडेलसं वाटत नाही' यालाही नो क्रेओ के युएबा.

सेआ ('असणे'चं), बाया ('जाणे'चं), आया (आबेर या साहाय्यक क्रियापदाचं) ही अनियमित रूपं (हसू नका, खरीच आहेत) सरळ पाठ करा.