दुसऱ्यांचं साधं जगणं आणि हातकाम पाहून हुरूप येतो, पण दोन दिवसांत ओसरतो. तो टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय, कुणी जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या, कुणी पानापाचोळ्याचं खत केलं, कुणी घरच्या घरी कापड रंगवलं, हे पाहिलं की रात्री झोप लागत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी मात्र हात कशालाच लागत नाही. माझं पाच-सहा वर्षं अगदी हेच चाललं होतं. विणायच्या सुयांचे तीन संच होते, लोकरीचे गुंडे होते, रंगीत दोऱ्यांचा डबा होता. विणलेली वस्तू एकही नव्हती.

घोडं पुढे सरकलं ते एका स्वेटरमुळे. आवडता स्वेटर, कोपराला दोन बोटं जातील एवढं भोक. त्याआधी मी रफूचे शेकडो सुंदर नमुने पाहिले होते, पण त्यातलं काहीही हातात उतरलं नव्हतं. त्या दिवशी भोक समोर होतं, म्हणून फक्त ते बुजवायचं कसं एवढंच शोधलं आणि अर्ध्या तासात सुईत लोकर ओवली.

कृती अवघड नाही. भोकाखाली काहीतरी गोल आणि टणक धरायचं (मी गेलेला बल्ब धरला होता). फाटलेल्या कडेवर टाका घालायचा नाही, ती कड दुबळी असते. बोटभर अलीकडे, धडधाकट विणीतून सुरुवात करायची. आधी उभे धागे शेजारी शेजारी टाकायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून न्यायचा आणि परतताना उलट. धागा ताणायचा नाही. मी ताणला, आणि कोपराचा बटवा झाला. उसवलं, पुन्हा केलं, पुन्हा उसवलं. तिसऱ्या खेपेला जमलं, म्हणजे ओबडधोबडच, पण तो स्वेटर मी अजून घालते.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी पाहायचं आणि मग करायला काही शोधायचं, हे बंद. घरात एक टोपली ठेवली आहे. फाटलेलं, उसवलेलं, दांडा निघालेलं, सगळं तिच्यात जातं. टोपलीतली एक वस्तू हातात घ्यायची आणि तेवढ्यापुरतंच पाहायचं. टोपली रिकामी असेल तर पाहणंही नाही. (ती कधीच रिकामी नसते, हे वेगळं सांगायला नको.)

दुसरी गोष्ट, कुणाकडून प्रेरणा घ्यायची ते जरा निवडून घ्या. बिघडलेलंही दाखवतात ती माणसं मला भरवशाची वाटतात. कापड रंगवण्याचंच घ्या. हळदीचा पिवळाधमक रंग पहिल्या दिवशी सगळेच दाखवतात. तो उन्हात टिकत नाही, हे मला माझी ओढणी दोरीवर फिकी पडल्यावर कळलं. कांद्याच्या सालींचा रंग त्यापेक्षा बरा टिकतो, पण त्यालाही आधी तुरटीचं पाणी लागतं. तुरटी कापडाच्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के, आणि सुती कापड असेल तर त्याआधी हिरड्यासारख्या तुरट वस्तूच्या काढ्यात भिजवणं. सहा महिने वापरलेलं कापड दाखवून कुणी हे सांगत असेल, तर त्याचं शांतपणे ऐकावं.

साफसफाईच्या ‘नैसर्गिक’ युक्त्यांचंही तसंच. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की मस्त फसफसतं, पाहायला छान वाटतं. पण एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास नुसतं पाणी, थोडा क्षार विरघळलेलं. सोडा घासायला चांगला, व्हिनेगर पाण्याचे पांढरे डाग काढायला चांगलं, पण वेगवेगळं.

आता जे माझं सगळ्यात जास्त चुकलं ते. साधं राहायचं ठरवलं आणि पहिलं काम काय केलं, तर खरेदी! प्लास्टिकचे धडधाकट डबे काढून टाकले आणि एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या. मग बरण्यांना शोभेल अशी फळी हवी झाली. दिदेरो या फ्रेंच लेखकाने 1769च्या सुमारास स्वतःचीच अशी फजिती लिहून ठेवली आहे. नवा भारी झगा मिळाला, त्यापुढे जुनी खुर्ची आणि मेज कळकट दिसू लागलं, आणि एकेक करत सगळंच बदललं गेलं. हिरव्या जगण्याचा झगाही असाच असतो.

कापडी पिशव्यांबद्दल डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018चा एक अभ्यास आहे. साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी किती वेळा वापरावी लागते? फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर 52 वेळा, आणि ओझोनच्या थरासह सगळे परिणाम धरले तर 7,100 वेळा. इकडेतिकडे पडणाऱ्या प्लास्टिकचा हिशोब त्यात धरलेला नाही, त्यामुळे यावरून प्लास्टिक बरं असं मी म्हणणार नाही. पण दहावी सुंदर कापडी पिशवी घेताना मला तो आकडा आठवतो आणि हात मागे येतो. घरातल्या जुन्या चादरीतून शिवली तर गोष्ट वेगळी, ते कापड आधीच तयार झालेलं आहे.

खताबद्दल थोडक्यात: वास येत असेल तर ओलं जास्त झालंय. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घाला आणि ढवळा. बाकी ते आपोआप होतं.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही गुडघ्याला फाटलेली जीन्स कपाटात पडून असल्याचं लिहिलंय. तिच्यापासूनच सुरुवात करा. पण तिला रफू नको, ठिगळ हवं. ठिगळाचं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटेल आणि गुडघा चुण्यांनी भरेल. भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं कापा, आतून टाचण्यांनी अडकवा आणि धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घाला. पायाच्या नळीत एक जाड वही सरकवून ठेवा. मी ठेवली नव्हती, आणि पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून बसले होते.