अष्टमीला सर्व्हे करू नकोस

अगं,

तू पाठवलेली समुद्राच्या नकाशाची पीडीएफ काल रात्री उघडली, मोबाइलवर काही दिसेना म्हणून नातवाच्या लॅपटॉपवर बघितली. गुजरातच्या पिपावाव बंदरासमोर पवनचक्क्यांचे ठिपके, जहाजांची वाट, केबलची लाल रेघ, सगळं सुरेख, रंगपण छान घेतलेस. फक्त मधे तो मोठा पांढरा चौकोन आहे ना, ज्यावर तू 'वापर नाही' असं लिहिलंयस, हे पत्र त्याच्यासाठी. बाकी दोन-चार बारीक चुका आहेत त्या फोनवर सांगीन.

आधी माझीच फजिती ऐक. मी ह्या नकाशांच्या लाइनमधे लागले तेव्हा पदाचं नाव ड्राफ्ट्समन होतं, बाईलापण तेच. बडोद्याच्या दांडिया बाजारातून सायकलने ऑफिसला जायचं आणि दिवसभर ट्रेसिंग पेपरवर समुद्र काढायचा, आणि खरा समुद्र तोपर्यंत एकदाच बघितलेला, तोही आजीबरोबर द्वारकेला. एकदा काठियावाडच्या किनाऱ्यावरच्या पाइपलाइनचं काम आलं. सर्व्हेवाले बोट घेऊन गेले, चार दिवस खोली मोजली आणि परत येऊन म्हणाले, बेन, रस्ता क्लिअर छे. मी रेघ मारून मोकळी. मग जाफराबादला गावकऱ्यांबरोबर मीटिंग ठरली, नकाशा धरून उभं राहायला कोणीतरी हवं म्हणून साहेब मलाही घेऊन गेले, तर एक म्हातारा मच्छीमार उठून जवळ आला, बराच वेळ कागदावर बोट फिरवत राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बेन, आमां अमे क्यां?" ह्यात आम्ही कुठे. मला तोंड वर करवेना.

झालं होतं काय, तर सर्व्हेवाले अष्टमीच्या सुमाराला गेलेले. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी मंद, खोली मोजायला सोयीचं. पण जाफराबादचं मुख्य पीक म्हणजे बोंबील, तिथे बुमला म्हणतात, आणि तो धरतात डोल जाळ्याने. डोल म्हणजे तळाला पक्की बांधून ठेवलेली लांबलचक पिशवी, तोंड प्रवाहाकडे, माशामागे कोणी धावत नाही, भरती-ओहोटीची ओढच त्याला आत ढकलते. म्हणजे जिथे ओढ जोरात ती जागा सोन्याची, आणि ओढ असते पुनवेला, अवसेला, उधाणात. अष्टमीला जाळी काढून लोक घरी, समुद्र रिकामा, आणि आमच्या कागदावर पण रिकामा. कोणाचं डोल कुठे बसतं हे गावातल्या पोरालाही माहीत होतं, फक्त आम्हाला नव्हतं.

तुझा चौकोनपण तसाच तर नाही ना, ते बघ. जहाजांचा डेटा तू एआयएसवरून, म्हणजे जहाज कुठे आहे ते आपणहून कळवणाऱ्या यंत्रावरून घेतलास, बरोबर आहे, पण बऱ्याच लहान होड्यांवर ते यंत्रच नसतं. त्यात तू घेतलेत जून-जुलैचे दोन महिने! अगं पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ह्या दिवसात समुद्र रिकामा दिसणार नाही तर काय.

बडोद्यात प्लॉट म्हटला की चार खुंट आणि सात-बारा, एकाचा तो दुसऱ्याचा नाही. समुद्राला सात-बारा नाही. एकाच जागी वरून जहाज जातं, मधे जाळं असतं, तळात केबल पुरलेली असते, आणि हे सगळं वेगवेगळ्या महिन्यात. म्हणून प्रत्येक धंद्याला चार प्रश्न विचार, कुठे, किती खोल, कुठल्या महिन्यात, आणि कुठल्या तिथीला. चौथा प्रश्न ऑफिसात कोणी विचारत नाही, हसतातपण, हसू देत.

पवनचक्क्यांच्या मी विरोधात नाही हं. वीज लागतेच, आणि जून २०२४ मधे केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, त्यातले ५०० मेगावॉट गुजरातसमोर आणि ५०० तमिळनाडूसमोर, म्हणजे काम होणारच. पण हिशोब करून बघ. समुद्रातल्या बांधकामाभोवती जास्तीत जास्त ५०० मीटरचा सुरक्षा-पट्टा ठेवता येतो, आंतरराष्ट्रीय नियम आहे. आता समजा दोन चक्क्यांमधे किलोमीटरभर अंतर आहे आणि प्रत्येकीला पूर्ण ५०० मीटर दिले, तर वर्तुळं एकमेकांना चिकटतात आणि कागदावर पवनचक्क्यांचं सबंध शेतच होड्यांना बंद होतं, जरी पाण्यात दोन खांबांच्यामधे होडी आरामात जाईल एवढी जागा असली तरी. म्हणून पट्टा किती, कोणासाठी, ट्रॉलरला तोच आणि छोट्या होडीलापण तोच का, हे आत्ताच विचारून घे. खांब उभे राहिल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

आणि विचारायचं कोणाला हा एक वेगळाच वैताग. १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याकडे, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राकडे, तेल-वायूचं खातं वेगळं, बंदरांचं वेगळं. माशाला कुठे ही रेघ दिसते. पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपला नॉर्वेबरोबर मिळून सगळ्यांना एका नकाशावर आणायचं काम झालंय, ते अहवाल मिळाले तर वाच.

तू म्हणालीस बडोद्यात बसून समुद्राचं काम म्हणजे गंमतच आहे. मला नाही वाटत गंमत. आपल्या आजूबाजूच्या कारखान्यांचं सांडपाणी १९८३ पासून पन्नासेक किलोमीटरच्या चॅनलमधून जंबुसरकडे सारोदला, महीच्या मुखात जातं. आपण समुद्र वापरतो, फक्त बघत नाही. तुझ्या नकाशात तो ठिपका नाही, टाक. आणि गायकवाडी होती तेव्हा द्वारकेकडचं ओखामंडळ बडोद्याचंच, तिथल्या समुद्रात काय काय आहे हे बघायला सरकारने जेम्स हॉर्नेल नावाचा इंग्रज तज्ज्ञ आणला होता, त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ चा.

खंभातच्या आखाताचं एक लक्षात ठेव, तिथला तळ बसून राहत नाही. घोघा-दहेज फेरी २०१७ ला केवढी वाजतगाजत सुरू झाली, पुढे दहेजला इतका गाळ भरला की बंद पडली. म्हणून प्रत्येक खोलीच्या आकड्याशेजारी तारीख लिही, चार वर्षांपूर्वीची खोली म्हणजे शिळी पोळी.

मच्छीमार ऐकत नाहीत असं तुमचे सीनियर म्हणतात म्हणे. वेरावळकडे व्हेल शार्क मारत होते, २००१ मधे कायद्याने बंदी आली, पण कायद्याने जाळं कोण कापतं? मग वनखात्याने मच्छीमारांशी बोलून घेतलं, फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळायला लागली, फोटो काढून पाठवला की पुरे, आणि तीच माणसं अडकलेला शार्क स्वतःची जाळी कापून सोडायला लागली. नुकसान कोणाचं होणार हे नकाशात आधी दाखवलं तरच भरपाई कोणाला द्यायची ते कळतं, आणि 'वापर नाही' लिहिलेल्या जागेची भरपाई कोण मागणार?

तर तो चौकोन तूर्त पुसू नकोस, त्यावर 'तपासायचं आहे' लिही. साहेब कुरकुर करतील, माझं नाव सांग. पुढच्या महिन्यात जाफराबादला जाणार म्हणालीस ना, तिकीट काढायच्या आधी कालनिर्णय उघड आणि अवस बघून जा, पहाटे धक्क्यावर हजर राहा, आणि नकाशाची मोठी प्रिंट ने, गुंडाळी, स्क्रीनवर दाखवू नकोस, त्यावर बोट फिरवता येत नाही. पेन्सिल त्यांच्या हातात दे. आल्यावर रविवारी घरी ये, सेव-उसळ मागवू, आणि ती खरडलेली प्रिंट घेऊन ये, मला बघायचीये.

— तुझी मावशी